जंताची गोळी एकदाच घेऊन भागत नाही
आमच्या लालबागच्या खोलीत सहा माणसं, एकाच ओळीत अंथरुणं, त्यात पाच वर्षांची भाची रात्रभर खाजवत उठायची आणि आई म्हणायची गोड खाल्लं म्हणून. गोडाचा काही संबंध नाही हो! सुतासारखे बारीक पांढरे जंत असतात, मादी रात्रीच बाहेर येऊन शीच्या जागेभोवती अंडी घालते, खाज त्याचीच, मग ती अंडी नखांत, चादरीवर, परत तोंडात. डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांनाच अल्बेंडाझोल 400 मिलिग्रॅम दिली. त्याने जंताला साखर शोषता येत नाही, उपाशी मरतो तो. पण अंडी उरतात, म्हणून 2 आठवड्यांनी परत डोस, आणि तोच आम्ही मागच्या वेळी विसरलो होतो, पोरीला उगाच महिनाभर त्रास. काल रात्री ती सलग झोपली, मला खरंच भरून आलं.