पद्मिनीची काच

रविवार, रात्री उशिरा

आज आमच्या जुन्या पद्मिनी गाडीची पुढची काच बसली. बॉडी रंगून आली तेव्हापासून येणारा-जाणारा म्हणतोय, "रंग झाला म्हणजे झालंच की!" झालं कुठलं? खरं काम रंगानंतरच सुरू होतं. गाडी खोलायला पाने आणि ताकद पुरते, जोडायला मात्र क्रम लागतो.

काचेचंच घ्या. त्याआधी छताचं कापड ताणून लागायला हवं, कारण त्याची कड काचेच्या रबराखाली दबते. कापडाच्या आधी छतातल्या दिव्याची वायर ओढून घ्यायची. आणि वायरिंगच्याही आधी इंजिनामागच्या पत्र्यातली भोकं रंगातून मोकळी करून त्यांत नवे ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेला बसणाऱ्या रबरी कड्या, बसवायचे, नाहीतर पत्र्याची धार वायर कापते. आजच्या काचेची तयारी दिवाळीतच सुरू झाली होती.

काचेभोवती आधी रबर चढवलं. त्याच्या खाचेत नायलॉनची दोरी फिरवून दोन्ही टोकं खालच्या बाजूला, मध्यावर एकमेकांवरून नेऊन आत सोडली. साबणाचं पाणी सगळीकडे. मिस्त्रीकाका बाहेरून तळव्यांनी काच दाबत होते आणि मी आत बसून दोरी खेचत होतो. दोरी निघत जाते तशी रबराची कड पत्र्यावरून उलटून आत येते. वरच्या उजव्या कोपऱ्यात अडलं. काका म्हणाले, "ओढू नका, तिला येऊ द्या." त्यांनी बाहेरून दोन थापा मारल्या आणि कड टपकन आत आली. अण्णा खुर्ची टाकून बघत बसले होते. बोलले काही नाहीत, पण आत चहा त्यांनीच सांगितला.

आमची गाडी १९७८ची, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली. १०८९ सीसीचं इंजिन, गिअर स्टिअरिंगखाली. १९६४मध्ये फियाट अकराशे डिलाइट म्हणून आलेली हीच गाडी १९७४पासून पद्मिनी झाली, पण अण्णा आजही तिला फियाटच म्हणतात. मुंबईत पद्मिनी टॅक्स्या होत्या तोवर हिच्या सुट्या भागांचा माल फिरत होता. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवला २००३मध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून गेली. आता कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर दुकानं पालथी घालावी तेव्हा एखादं हँडल हाती लागतं.

म्हणून मी जुना नट फेकत नाही. रॉकेलमध्ये भिजवायचा, तारेच्या ब्रशने घासायचा, आटे शाबूत असले की जिथला तिथेच लावायचा. स्टीलचे चकचकीत बोल्ट स्वस्तात मिळतात हे मलाही माहीत आहे. पण डॅशबोर्ड काढला तेव्हा मागच्या एका पट्टीचं भोक कानशीने लांबट केलेलं दिसलं. कानशीच्या चऱ्यांवर कंपनीचा मूळ रंग चढलेला होता. म्हणजे ते काम रंगाच्या आधीचं, कुर्ल्यातलंच! कुणा कामगाराला भोक जुळेना, त्याने दोन हात कानस मारली आणि गाडी पुढे सरकवली. पेंटरने ते भोक वेल्डिंगने भरून नवं पाडून देतो म्हटलं होतं. मी नको म्हणालो. गेल्या आठवड्यात डॅशबोर्ड परत चढवला तेव्हा बोल्ट त्या लांबट भोकातून एका दमात गेला. गाडी नव्यासारखी करून घेणारे खूप आहेत. मला ती त्या माणसांनी जोडली होती तशी जोडायची आहे.

वायपर लावायचे राहिले. काका म्हणाले, रबर दोन दिवस बसू दे, मग पाणी मारून गळती बघू. पुढच्या रविवारी गिअरच्या लिंकेजला, म्हणजे दांडा आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या सळ्यांना, हात घालायचा. तिथले बुश, म्हणजे सांध्यातल्या छोट्या नळ्या, झिजले की गिअर शोधत बसावं लागतं, म्हणून ते मात्र नवेच टाकायचे. उद्या ऑफिसला जाताना जुना बुश खिशात घेतो आणि येताना दुकानात जातो. बोलून कळत नाही, दुकानदाराला नमुनाच दाखवावा लागतो.