खोडलेले नाव

"सर, नाव खोडा," असे ती मुलगी दुसऱ्यांदा म्हणाली, तेव्हा कुठे माझे पेन थांबले.

आज गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यातील एका गावात बातमीसाठी तिच्या आजीशी बोलत होतो. आजी माडिया या आदिवासी बोलीत सांगत होती आणि आश्रमशाळेत शिकलेली नात ते मराठीत मला सांगत होती. मी आजीचे नाव खोडून वही पुढे केली. आजीला वाचता येत नाही. तरीही तिने त्या रेघेवरून अंगठा फिरवला, वही दाराच्या उजेडात धरली आणि काहीतरी पुटपुटली. "खाली दिसते म्हणते. पान फाडून द्या." ते पान तिने चुलीत सारले आणि पूर्ण जळेपर्यंत नजर हलवली नाही.

इथे पोलीस आणि नक्षलवादी यांच्या संघर्षात वहीतले नाव एका बाजूसाठी साक्षीदार असते, तर दुसऱ्या बाजूसाठी खबरी. पोलीस चकमकीतील मृत्यूंचा तपास कसा व्हावा, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १६ सूचनांत घालून दिले आहे, आणि पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायदाही केला. मला निदान तो कायदा आहे. पण बातमी छापून मी गावातून निघून आल्यावर त्याच घरात राहणाऱ्या त्या आजीला कोणता आधार आहे?

रात्री टिपणे उतरवताना दिसले की पेनाच्या दाबाने तिचे नाव पुढच्या पानावरही उमटले आहे. तेही पान जाळले. कपाटात मात्र इतक्या वर्षांच्या वह्या आहेत. तुम्ही काय केले असते?