लिफी एवढी काळी का?

"हीच का तुमची नदी? केवढी काळी!" डब्लिनला पाहुणे आले की लिफी नदीवरच्या ओ'कॉनेल पुलावर हा प्रश्न हमखास येतो. पाठोपाठ शंका: वरच्या अंगाला गिनेस या काळ्या बिअरचा कारखाना आहे, तो तर काही सोडत नाही ना पाण्यात? तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

गिनेसवर उगाच आळ नको. बिअर काळी होते ती भाजलेल्या बार्लीने आणि नदी काळी होते ती विकलोच्या डोंगरातल्या दलदलीने. सॅली गॅपजवळ, किपुर आणि टॉन्डफ या दोन डोंगरांच्या मधे लिफी उगम पावते. उगम म्हटला की आपल्याला कुंड हवं, निदान एखादी घुमटी. इथे आहे ती पाय टाकला की घोटाभर आत जाणारी भिजलेली जमीन. हजारो वर्षांचं शेवाळ नि गवत पुरतं न कुजता थरावर थर साचलंय. हेच ते पीट. वाळवून चुलीत जाळतात. त्यातून झिरपणारं पाणी कोऱ्या चहासारखं असतं: ओंजळीत पिवळसर, खोल पात्रात काळं.

उगमापासून डब्लिन सरळ रेषेत वीसेक किलोमीटर. पण लिफीला घाई नाही. ती आधी पश्चिमेला जाते, किल्डेअरच्या कुरणांतून भलामोठा वळसा घालते आणि सव्वाशेहून जास्त किलोमीटर हिंडून शहर गाठते. वाटेत पोलाफूकाचं धरण लागतं. तिथे १९४० मध्ये पाणी चढलं आणि खोऱ्यातली सत्तरहून अधिक घरं शेतांसकट गेली. धरणग्रस्त तिथेही झाले. वीज आणि पाणी राजधानीला हवं होतं. डब्लिनच्या नळांना आजही बहुतेक पाणी लिफीचंच येतं, अर्थात गाळून, शुद्ध करून. पुलावर नाक मुरडलेले पाहुणे घरी येऊन चहाचा दुसरा कप मागतात, तेव्हा मी आपली गप्प बसते.

घाण नव्हतीच असंही नाही. शहराचं सांडपाणी पिढ्यानपिढ्या थेट नदीत जायचं. १९०६ मध्ये मोठी गटारयोजना सुरू झाली, तेव्हा कुठे वास कमी झाला. भरतीचं पाणी आयलंडब्रिजपर्यंत चढतं, त्यामुळे शहरातली लिफी निम्मी समुद्राचीच. ओहोटीला गेलात तर उघडा चिखल, भिंतींवर हिरवं बुळबुळीत शेवाळ आणि मधेच रुतलेली एखादी सायकल दिसेल. पाहुण्यांना मी भरतीची वेळ बघूनच नेते.

गिनेसचं आणि नदीचं खरं नातं बोटींचं. १९६१ पर्यंत पिंपं लादलेल्या बोटी कारखान्याच्या धक्क्यावरून बंदराकडे जायच्या. पूल बुटके, म्हणून त्यांच्याखालून जाताना धुराडं आडवं करावं लागे. कठड्यावरची पोरं खलाशांना ओरडायची, "काका, येताना पोपट आणा!" जशी काही बोट आफ्रिकेला निघालीय.

आणि हो, या पाण्यात लोक पोहतातसुद्धा. लिफी स्विम ही शर्यत १९२० पासून चालू आहे. बायकांची शर्यत सुरू व्हायला मात्र १९९१ उजाडलं, याचा मला अजून राग येतो. काठावरून वाकून बघणारी गर्दी आणि पाण्यातले पोहणारे जॅक बी. येट्स यांनी रंगवले. कवी येट्सचे हे धाकटे भाऊ. तेव्हा ऑलिम्पिकमध्ये चित्रकलेलाही पदकं होती, आणि १९२४ साली पॅरिसला या चित्राने रौप्यपदक मिळवलं. स्वतंत्र आयर्लंडचं ते पहिलं ऑलिम्पिक पदक. चित्र नॅशनल गॅलरीत आहे, तिकीट लागत नाही. पाऊस लागला तर, आणि तो लागतोच, आधी तिथे जाऊन या.