मूल दीर्घ, मुलाला ऱ्हस्व: लेकीच्या व्याकरण परीक्षेची तयारी

लेक सहावीत असताना तिच्या शाळेने मराठी शुद्धलेखन आणि व्याकरणाची वेगळी परीक्षा ठेवली. 40 गुण. श्रुतलेखन, अशुद्ध वाक्यं शुद्ध करणं, उताऱ्यात विरामचिन्हं घालणं, लिंग-वचन-काळ बदलणं. हातात तीन आठवडे होते आणि त्यातला पहिला मी वाया घालवला.

मला शिकवलं होतं तसंच मी तिला शिकवायला घेतलं. मी परिच्छेद वाचायचा, तिने लिहायचा, मी लाल पेनाने गोल करायचे, तिने चुकलेला शब्द पाच वेळा लिहायचा. आठवडा झाला तरी वहीत तेच होतं: 'आणी', 'परिक्षा', 'मूलाला', 'बहीणीने'. एका संध्याकाळी ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "आई, तू 'आणी'च म्हणतेस. मग मी चूक कसं लिहिलं?"

मी 'आणि' हळू, पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं. तिचं खरं होतं. बोलताना शेवटचा 'णि' आपण सगळेच लांबवतो. ती ऐकलेलंच प्रामाणिकपणे लिहीत होती आणि मी तिला ऐकण्याची शिक्षा देत होते. श्रुतलेखन मी त्याच दिवशी थांबवलं.

मग शुद्धलेखनाचे नियम काढले. एकूण 18 आहेत: साहित्य महामंडळाचे 14 नियम शासनाने 1962 मध्ये स्वीकारले, 1972 मध्ये आणखी 4 आले. सगळे क्रमाने पाठ करून घेण्यात अर्थ नव्हता. तिच्या वहीतले लाल गोल मोजले, तर बहुतेक चुका तीन-चार नियमांतच बसत होत्या. आम्ही तेवढेच घेतले.

पहिला सोपा. शब्दाच्या शेवटी येणारा इकार-उकार दीर्घ: पाटी, वाळू, कवी, गुरू. 'आणि', 'नि', 'परंतु', 'तथापि' ही थोडी अव्ययं तेवढी ऱ्हस्व. पण 'गुरू' दीर्घ असताना 'गुरुपौर्णिमा' ऱ्हस्व का, हे तिला पटेना. संस्कृतात मूळ शब्द 'गुरु' असाच आहे. मराठीत एकटा आला की शेवट दीर्घ लिहायचा आणि समासात पुढे बसला की मूळचा ऱ्हस्व ठेवायचा, असं सांगितल्यावर तिने स्वतःच 'कविसंमेलन' आणि 'पक्षिमित्र' शोधून आणले. कारण कळलं की मूल शब्द गोळा करायला लागतं. पाच वेळा लिहून हे कधीच झालं नसतं.

खरा वेळ गेला तो उपान्त्य अक्षरावर, म्हणजे शेवटून दुसऱ्या. आम्ही वहीच्या पानावर उभी रेघ मारली. डावीकडे मूळ शब्द, उजवीकडे प्रत्यय लागल्यावरचं रूप. मूल, मुलाला. फूल, फुलाचा. बहीण, बहिणीने. जमीन, जमिनीवर. वकील, वकिलांना. शेवटचं अक्षर अकारान्त असेल, तर मराठी शब्दात त्याच्या आधीचा इकार-उकार दीर्घ. सामान्यरूप झालं, म्हणजे प्रत्यय लागताना शब्द बदलला, की तोच ऱ्हस्व. पानभर जोड्या झाल्यावर नियम मला सांगावा लागला नाही, तो तिने मला सांगितला. माझं ठाम मत आहे की मराठी शुद्धलेखनात मुलाला एकच गोष्ट शिकवायला वेळ असेल, तर ही शिकवावी. सुटा शब्द पाठ करून भागत नाही, कारण वाक्यात तो क्वचितच सुटा येतो.

अडचण तत्सम शब्दांची, संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्यांची. ते हा नियम पाळत नाहीत. 'शरीर'चं 'शरीरात' होतं, 'शरिरात' नाही. 'गुण', 'मंदिर', 'चतुर' हे शेवटी अकार असूनही ऱ्हस्वच. 'किडा' ऱ्हस्व आणि 'क्रीडा' दीर्घ! पण अकरा वर्षांच्या मुलीने शब्द तत्सम आहे हे ओळखायचं कसं? या प्रश्नाला पूर्ण उत्तर नाही, आणि तसं तिला सांगून टाकलं. काही खुणा मात्र सापडल्या. शब्दात ऋ, क्ष, ज्ञ किंवा विसर्ग असेल, तर तो बहुधा तत्सम. काही ठिकाणी संधी सोडवला की उत्तर मिळतं: परि आणि ईक्षा मिळून 'परीक्षा', म्हणून 'री' दीर्घ. रवि आणि इंद्र मिळून 'रवींद्र'. उरलेल्यांसाठी वहीच्या शेवटी एक वेगळं पान ठेवलं आणि ते रोज पाच मिनिटं नुसतं पाहायचं ठरवलं. सरावासाठी मिळालेल्या एका छापील पत्रकात 'पुर्ण वाक्य लिहा' असं होतं. तिला ते दिसलं आणि तिने 'पूर्ण' त्या पानावर लिहून घेतला.

याच दिवसांत तिला कपाटात माझ्या आजीची जुनी पत्रं सापडली. त्यांत 'नांव', 'कांहीं', 'पांच'. "पणजीला शुद्धलेखन येत नव्हतं?" तिने विचारलं. तिला सांगितलं की 1962 पूर्वी असे अनुस्वार देणं हेच शुद्ध होतं. संस्कृत 'नामन्'मधला 'म' गेला, 'पंच'मधला अनुनासिक पुसट झाला, त्याची ती खूण होती. उच्चार उरला नाही म्हणून नियमांनी खूण काढली. 'मुलांनी', 'लोकांना' यांतला अनुस्वार मात्र राहिला, कारण तो अनेकवचन दाखवतो. त्यानंतर 'मुलानी' तिने पुन्हा लिहिलं नाही.

विरामचिन्हांच्या वेळी सगळं उलटं झालं. इथे कानच कामाला आला. तिचाच निबंध तिला मोठ्याने वाचायला लावला, अगदी लिहिला होता तसा, चिन्ह नसेल तिथे न थांबता. दुसऱ्या ओळीत तिला धाप लागली आणि ती पेन्सिल घेऊन स्वल्पविराम देत सुटली. मग मी दोन वाक्यं लिहिली: "आई, बाबा गेले का?" आणि "आई-बाबा गेले का?" पहिल्यात आईला विचारलंय, दुसऱ्यात दोघांबद्दल विचारलंय. एवढ्याशा रेघेने घरातलं माणूस इकडचं तिकडे होतं, हे तिला फार आवडलं. अर्धविरामाला 'ढग दाटून आले; पण पाऊस पडला नाही' हे नेहमीचं वाक्य पुरलं. अवतरणचिन्हं कानाला कळत नाहीत, ती सांगावीच लागली: बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे असतील तर दुहेरी, एखाद्या शब्दाकडे लक्ष वेधायचं तर एकेरी.

लिंग, वचन, काळ यांत तिला फारसं अडलं नाही. बोलणारं मूल ते आधीच जाणतं.

शेवटच्या दोन दिवसांत पुन्हा श्रुतलेखन घेतलं, पण वेगळ्या रीतीने. लिहून झाल्यावर पेन मी हातात घेतलं नाही. शंका असलेल्या शब्दांखाली तिने स्वतः रेघ मारायची आणि कारण सांगायचं. पहिल्या दिवशी सात रेघा होत्या, त्यातले चार शब्द खरंच चुकले होते.

परीक्षेत 34 गुण मिळाले. पेपर घरी आला तेव्हा तिने आधी कापलेले गुण पाहिले. एक गुण 'गिताचे' या शब्दावर गेला होता. "मूल-मुलाला लावलं," ती म्हणाली, "पण गीत तत्सम आहे ना?" मी हो म्हटलं. तिने वही आणली, शेवटचं पान उघडलं आणि 'शरीर'च्या खाली लिहिलं: गीत, गीताचे.