पिडी कोळुकट्टै जमेपर्यंत

लेक पहिलीत गेली आणि शाळेतून सूचना आली, की साडेदहाच्या छोट्या सुट्टीच्या डब्यात बिस्किटं, चिप्स, पाकिटातलं काहीही चालणार नाही. सूचना मला पटली. पण रोज द्यायचं काय? छोटी सुट्टी म्हणजे जेमतेम 10 मिनिटं. चमचा लागता कामा नये, सांडता कामा नये, हात चिकट होता कामा नयेत आणि पोटाला आधारही व्हायला हवा. पोळीचा लाडू 4 दिवस चालला, मग तोही परत यायला लागला.

त्याच आठवड्यात समोरच्या घरातल्या आच्चींनी जिन्यातच तिच्या हातावर एक तपकिरी मुटका ठेवला. घरात येईपर्यंत तो संपला होता. बोटं चाटत ती म्हणाली, "आई, मला डब्यात हेच दे. कोळुकट्टै."

आम्हाला चेन्नईत 6 वर्षं झाली. या शब्दातला मधला उच्चार, ळ आणि य यांच्या मधला, मला अजून नीट जमत नाही. लेकीचा तो जन्मापासूनचा आहे. आच्ची तिरुनेलवेलीकडच्या. तिकडे आजीला आच्ची म्हणतात, म्हणून आमच्या मजल्यावर लहानमोठे सगळेच त्यांना आच्ची म्हणतात.

कोळुकट्टैचे प्रकार पुष्कळ. विनायक चतुर्थीला करतात ती सारणाची, आपल्या उकडीच्या मोदकाची सख्खी बहीण. उकड काढा, पारी करा, सारण भरा, हे शाळेच्या दिवशी सकाळी शक्य नाही. पिडी कोळुकट्टै त्यामानाने साधी. तांदळाची कणी, गूळ, खोबरं, थोडी मूगडाळ सगळं एकत्र शिजवायचं, मुठीत दाबायचं आणि वाफवायचं. पिडी म्हणजे मूठ. आपण मेथीचे मुटके करतो तसंच, फक्त गोड. मला वाटलं, यात काय अवघड आहे? आच्चींना विचारायलाही गेले नाही.

पहिल्या दिवशी एक वाटी तांदळाचा रवा घेतला. तेवढाच गूळ दीड वाटी पाण्यात घालून चांगला दाट होईपर्यंत उकळला आणि त्यात रवा ओतला. रवा पाहता पाहता फुगल्यासारखा दिसला, गोळाही झाला. मुटके वळून 20 मिनिटं वाफवले. बाहेरून छान चकचकीत, पण दाताखाली कणी कच्चीच. अजून 10 मिनिटं वाफ दिली, तरी दडदडीत ती दडदडीतच. लेकीने एक घास घेतला आणि न बोलता ताटली माझ्याकडे सरकवली.

संध्याकाळी आईला सांगलीला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अगं, तांदूळ विठरला. गुळात कुठे तांदूळ शिजतो? नारळीभाताला आपण आधी भात मोकळा शिजवून घेतो आणि मग गूळ घालतो ना? ते उगीच करतो का?"

लहानपणापासून दर नारळी पौर्णिमेला मी हे पाहत आले आहे. गुळाचा पाक पाणी धरून ठेवतो, दाण्याला आत शिरायला पाणी मोकळं राहत नाही, आणि मग कितीही आच द्या, दाणा मऊ होत नाही. पदार्थाचं नाव तमिळ होतं म्हणून आपल्या घरातलं शहाणपण इथे लागू पडेल, हे माझ्या मनात आलं नव्हतं.

दुसऱ्या खेपेला रवा आधी साध्या पाण्यात शिजवला, गूळ नंतर. कणी मऊ झाली, पण गोळा भगराळ. मुठीत दाबला तर आकार धरायचा, बोट काढलं की कडा ढासळायच्या. वाफवल्यावर निम्मे मुटके उचलताना फुटले. डब्यात गेले असते तर वर्गात चुरा सांडला असता.

तेव्हा मात्र फुटलेला मुटका आणि रव्याची बरणी घेऊन समोरच्या दाराची बेल वाजवली. आच्चींनी मुटक्याकडे पाहिलंच नाही. बरणीतला चिमूटभर रवा तळहातावर घेऊन त्या खिडकीशी गेल्या, बोटाने पसरला आणि म्हणाल्या, "पुळुंगल." मी घेतला होता तो इडलीचा रवा होता, म्हणजे उकड्या तांदळाचा. उजेडात धरला की त्याची कणी काचेसारखी, किंचित पिवळसर दिसते. शेजारी त्यांनी आपल्या डब्यातली कणी ठेवली. ती खडूसारखी पांढरी होती. पच्चरिसी, म्हणजे साधा कच्चा तांदूळ. उकडा तांदूळ आधीच एकदा वाफेत शिजून वाळलेला असतो, त्याला हवा तसा चिकटपणा येत नाही. इथल्या दुकानात दोन्ही रवे शेजारी शेजारी असतात आणि पाकिटावरची अक्षरं मला धड वाचता येत नाहीत.

शनिवारी सकाळी त्यांनी मला आणि लेकीला स्वयंपाकघरात बोलावलं.

त्या रवा घरीच करतात. तांदूळ धुऊन, निथळून, सुती कापडावर सावलीत अर्धा तास पसरायचा. हाताला ओल लागेनाशी झाली, पण दाणा अजून थोडा दमट आहे, अशा वेळी कढईत मंद आचेवर भाजायचा. रंग बदलू द्यायचा नाही. दाणा फुलल्यासारखा हलका झाला आणि वास सुटला की उतरवायचा, गार करायचा आणि मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवायचा. पीठ झालं तर शिजताना चिकट लगदा होतो. मोहरीएवढी कणी हवी, थोडं पीठ त्यात मिसळलेलं असलं तर उत्तम, त्यानेच मुटका बांधला जातो.

गुळाच्या जागी आच्ची करुप्पट्टी घालतात, ताडाचा गूळ. त्यांच्या भागात उडनगुडी गावची करुप्पट्टी नावाजलेली. काळपट अर्ध्या वाटीसारखी ढेप, फोडली की धुरकट, किंचित खारट वास येतो. ती विरघळवून गाळायचीच, यात त्यांची सवलत नाही. ताडाची नीरा धरतात त्या मडक्याला, ती आंबू नये म्हणून, आतून चुना लावलेला असतो. त्यामुळे करुप्पट्टीत बारीक कण राहतात. पाऊण वाटी चुरा अर्धी वाटी गरम पाण्यात विरघळवून त्यांनी पंचाच्या तुकड्यातून गाळला, तर कापडावर खरोखरच राखी रंगाचा थर उरला. लेकीने त्याला बोट लावून पाहिलं.

दोन चमचे मूगडाळ कोरडी भाजली. दोन वाट्या पाण्यात ती अर्धवट शिजल्यावर चिमूटभर मीठ आणि एक वाटी रवा घातला. झाकण ठेवून मंद आच. मी उलथनं हातात घेतलं, तर म्हणाल्या, "अवसरम् वेण्डाम." घाई नको. 7-8 मिनिटांत पाणी आटलं. त्यांनी एक कणी बोटांत चुरडून दाखवली, मधे टणक ठिपका राहिला नव्हता. मग गाळलेली करुप्पट्टी घातली. सगळं एकदम सैल झालं, मला वाटलं बिघडलं. पण 5 मिनिटं परतल्यावर गोळा कढईच्या कडा सोडू लागला. त्यात अर्धी वाटी खोबरं, वेलदोडा, चिमूटभर सुंठ आणि चमचाभर तूप.

खोबऱ्याशी त्या थोड्या थांबल्या. त्यांच्या घरात नारळाचे बारीक काप करून तुपात परतून घालतात. "पल्लु पल्लु" असे काप, म्हणजे दातासारखे. हे सांगताना त्यांचं लक्ष लेकीच्या तोंडाकडे गेलं. तिचे पुढचे दोन्ही दात पडलेले. त्यांनी काप बाजूला ठेवले आणि खवणी काढली.

मिश्रण हाताला सोसवेल इतकं निवलं, तेव्हा त्यांनी लेकीचे हात धुवून तळव्यांना तुपाचं बोट लावलं. लिंबाएवढा गोळा तिच्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "पिडि." धर. तिने हळूच धरला. "नल्ला पिडि." घट्ट धर. तिने डोळे मिटून मूठ आवळली. मूठ उघडली तर मुटक्यावर चार बोटांच्या चार खाचा, आणि एका टोकाला अंगठ्याचा खळगा. आच्चींनी आपला मुटका त्याच्या शेजारी ठेवला. त्याच्या खाचा रुंद आणि खोल होत्या, लेकीच्या पेनचं टोपण मावेल एवढ्या. या खाचा फक्त शोभेच्या नाहीत. वाफ त्यातून आत शिरते, त्या भागात मुटका पातळ होतो आणि मधपर्यंत सारखा शिजतो. लाडवासारखे गोल वळले तर मधे गच्च राहतात. मीही पहिल्या खेपेला बोटं न उमटवता, गुळगुळीत मुटके केले होते.

इडलीपात्राच्या ताटलीवर ओलं फडकं, त्यावर मुटके एकमेकांना न चिकटता. पाण्याला आधी दणदणीत वाफ यायला हवी. झाकणाला कापड बांधलं, नाहीतर वरून पाणी ठिबकून मुटके पचपचीत होतात. मोदकांना आपण तेच करतो. 10 मिनिटांनी झाकण काढलं, पण लगेच उचलू दिलं नाही. गरम असताना ते मऊ असतात, 5 मिनिटं वारा लागला की आकार घट्ट होतो. एका वाटीत 15 झाले. लेकीने आपल्या मुठीचे शोधून शोधून खाल्ले.

आता आठवड्यातून दोनदा तरी करते. रविवारी दोन वाट्या तांदळाचा रवा करून बरणीत भरते, आदल्या रात्री करुप्पट्टी गाळून फ्रिजमध्ये ठेवते. मग सकाळी पाऊण तासात होतात, त्यातही माझे हात अडकतात 15 मिनिटंच. करुप्पट्टी संपली की आपला कोल्हापुरी गूळ घालते. चव वेगळी येते, पण चांगली येते. एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळते. ओलं खोबरं चेन्नईच्या उकाड्यात दुपारनंतर टिकत नाही, म्हणून डब्यात सुट्टीपुरते तीनच देते आणि उरलेले ती शाळेतून आल्यावर वाफवून गरम करते. कोणाच्या मुलाला हे करून द्यायचं असेल, तर माझं एवढंच सांगणं, की प्रमाण इकडेतिकडे झालं तरी चालेल, पण तांदूळ कच्चा घ्या आणि तो शिजल्याशिवाय गुळाला हात लावू नका.

डब्यात दोन मुटके माझ्या मुठीचे असतात आणि एक तिच्या. तिचा ती स्वतः करते, युनिफॉर्म घालण्याआधी, स्टुलावर उभी राहून. कार्तिकै दीपमच्या, म्हणजे इकडच्या दिव्यांच्या सणाच्या दिवशी आच्चींकडे हेच मिश्रण ताडाच्या कोवळ्या पानांत बांधून वाफवतात. पानं त्यांच्या गावाहून येतात. या वर्षी आमच्यासाठीही चार जास्त मागवली आहेत, आणि पान दोऱ्याने कसं बांधायचं, हे लेक आत्तापासून कागदाच्या पट्ट्यांवर करून पाहते आहे.