विद्याविहार आलं तरी गाणं संपेना
ऑफिसातल्या मित्राने 'प्रोग्रेसिव्ह रॉक (म्हणजे लांबलचक, गुंतागुंतीच्या रचनांचा रॉक) ऐकायचंय ना? हे घे,' म्हणत येस या इंग्लिश बँडचा 'क्लोज टू द एज' (१९७२) हा अल्बम फोनवर टाकून दिला. सकाळी मुलुंडला स्लो लोकलमध्ये चढलो आणि लावला. आधी पाण्याची खळखळ, पाखरं. मग सगळी वाद्यं एकदम अंगावर धावून आली. विद्याविहार आलं तरी पहिलंच गाणं संपेना. १८ मिनिटांहून मोठं गाणं, रेकॉर्डची अख्खी एक बाजू! दीड तासाच्या बैठकीला मांडी घालून बसणारा मी, इथे मात्र मुखडा शोधत वैतागलो.

मग त्याने मिनिमलिझमची, म्हणजे मोजकेच सूर पुन्हा पुन्हा वाजवत हळूहळू बदलणाऱ्या संगीताची चव दिली : अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइशचं 'पियानो फेज' (१९६७). दोन पियानो तोच १२ सुरांचा तुकडा वाजवत राहतात आणि त्यातला एक हळूच पुढे सरकतो. पाच मिनिटांनी मी त्याला मेसेज केला, 'फाइल खराब आहे.'

वाट सापडली ती पिंक फ्लॉइड या रॉक बँडच्या 'मनी' या गाण्यामुळे. लहानपणी चार वर्षं तबला बडवला होता, त्यामुळे बोटं आपोआप मोजू लागली. सात मात्रा! पण हा आपला सात मात्रांचा रूपक ताल नव्हे. रूपकाची सम, म्हणजे पहिली मात्रा, 'खाली' (बिनजोराची) असते, इथे पहिल्या मात्रेवरच दणका. गिटारचा सोलो चार मात्रांत शिरतो तेव्हा एकदम मोकळं वाटतं, आणि सातने आपल्याला किती ताणून धरलं होतं ते तेव्हा कळतं. मग पुन्हा 'क्लोज टू द एज'कडे गेलो. या वेळी मुखडा शोधला नाही, परत काय येतं तेवढंच पाहिलं. तिसऱ्या भागात सगळं निवतं, चर्चचा ऑर्गन घुमतो, आणि त्यानंतर आधीची ओळखीची धून परतते तेव्हा काटा येतो.

राइशसाठी मात्र हातच लावावे लागले. त्याच्या 'क्लॅपिंग म्युझिक'ला (१९७२) दोन माणसं पुरतात, वाद्य नकोच. १२ मात्रा : तीन टाळ्या, दोन, एक, दोन, आणि प्रत्येक गटानंतर एक मात्रा रिकामी. एकाने तेच वाजवत राहायचं, दुसऱ्याने दर काही आवर्तनांनी एकेक मात्रा सरकायचं. बाराव्या सरकीला दोघं पुन्हा एकत्र. ताईला पटवलं. पहिल्या संध्याकाळी दुसऱ्याच सरकीला आपटलो. स्वयंपाकघरातून आई म्हणाली, 'आरती तरी म्हणा.'

याच मिनिमलिझमवाला दुसरा अमेरिकन संगीतकार टेरी राइली आवडायला इतके कष्ट पडले नाहीत. 'इन सी'मध्ये (१९६४) ५३ छोटे तुकडे. कुठला किती वेळा वाजवायचा हे वादकाने ठरवायचं. हा गृहस्थ पुढे किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांकडे शिकला. द हू या रॉक बँडचं 'बाबा ओ'राइली' (१९७१) हे नाव तर त्याच्यावरून आणि मेहेरबाबांवरून पडलंय. म्हणजे आपल्या नगरच्या मेहेराबादवाल्या! हे कळल्यावर त्या गाण्याच्या सुरुवातीचे गरगरणारे सूर मला जरा घरचेच वाटायला लागले.

टाळ्यांची गाडी अजून पाचव्या सरकीला अडते. ताईच्या मते चूक माझी. काल रेकॉर्ड करून ऐकलं. चूक तिची आहे.