अग्निशमन केंद्रातला पाळणा आपल्याकडे नाही, १०९८ ही मुलांची हेल्पलाइन आहे

मुलांच्या मोबाइलवर अमेरिकेतल्या एका सोयीच्या रील बऱ्याच फिरतात. अग्निशमन केंद्राच्या भिंतीत एक पेटी असते. बाळ आत ठेवून दार लावले की आतल्या लोकांना इशारा जातो आणि ठेवणारी निघून जाते. नाव विचारत नाहीत, गाव विचारत नाहीत. बाळ असे नाव न सांगता सोपवू देणारा पहिला कायदा १९९९ साली टेक्सासने केला आणि २००८ पर्यंत तो पन्नासही राज्यांत आला. शेवटच्या नेब्रास्काने वयाची अट घालायची राहूनच दिली, तेव्हा काही महिन्यांत ३६ मुले सोडली गेली आणि त्यांत मिसरूड फुटलेलेही होते. मग घाईघाईने ३० दिवसांची मर्यादा आली.

ही रील पाहून गोव्यात म्हापशातली किंवा कुडचड्यातली अकरावीतली मुलगी इथेही तसेच असेल असे धरून बसली, तर ऐन वेळी ती बाळ घेऊन कुठे जाणार? आपल्याकडे जे आहे ते बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ३५ मध्ये आहे, आणि त्याची रील कोणी काढत नाही. या क्षेत्रातली माणसे त्याला साधेपणाने ‘सरेंडर’ म्हणतात. शारीरिक, मानसिक किंवा सामाजिक कारणांमुळे बाळ सांभाळणे आवाक्याबाहेर असेल, तर ते जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढे स्वाधीन करता येते. हा गुन्हा नाही.

समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. समिती बसलेली नसेल तर बाळाला एका सदस्यापुढेही नेता येते. अर्ज करायचा असतो; लिहिता येत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मदत करतो. लगेच सही घेतली जात नाही. आधी समुपदेशन होते आणि बाळ ठेवता येईल का हे विचारले जाते. मुलींना हा प्रश्न टोचतो, पण तो कायद्यानेच विचारायला लावला आहे, त्यामुळे दबाव वाटून तिथून उठून जाऊ नये. मग सरेंडरच्या कागदावर सही होते आणि बाळ मान्यताप्राप्त दत्तक संस्थेत जाते. तिथून दोन महिने मोजायचे. या दोन महिन्यांत मन बदलले तर बाळ परत मागता येते. मुदत संपली की मात्र परतीची वाट नाही. बाळ दत्तकासाठी मोकळे जाहीर होते.

सही कोणाची, इथेच सगळ्यात जास्त चुकते. लग्नाचे जोडपे असेल तर दोघांची लागते. लग्न झालेले नसेल तर फक्त आईची पुरते, मुलग्याची किंवा त्याच्या घरच्यांची लागत नाही. आई अठराच्या आतली असेल तर सोबतच्या एखाद्या प्रौढ माणसाने साक्षीदार म्हणून सही करायची. घरची मंडळी पुष्कळदा मुलीला मावशीकडे पाठवतात आणि आजीच बाळाला दुपट्यात गुंडाळून समितीकडे नेते. जन्मदाती समोर नसली की ते बाळ सरेंडर केलेले धरत नाहीत, ‘सोडलेले’ धरतात, आणि सगळी प्रक्रिया बदलते.

किती बदलते हे नीट समजून घ्या, कारण मुलींची खरी भीती बदनामीची असते आणि गणित नेमके उलटे आहे. देवळाच्या पायरीवर, बसस्टॉपवर किंवा पाळणा केंद्रात (संस्थेच्या दाराशी ठेवलेल्या पाळण्यात) गुपचूप ठेवलेल्या बाळाचे आईवडील शोधावे लागतात. पोलीस चौकशी करतात, बाळाचा फोटो वर्तमानपत्रात छापला जातो. आपल्याकडे वर्तमानपत्र वाडा वाचतो आणि कोणाच्या पोटाचा घेर कधी उतरला हेही वाडाच मोजतो. सरेंडर केलेल्या बाळाची जाहिरात कुठेही देत नाहीत. प्रक्रिया गोपनीय असते. पुढे ते मूल मोठे होऊन मुळे शोधायला आले आणि आईने सरेंडरच्या वेळी ओळख लपवायला सांगितलेले असेल, तर तिच्या लेखी संमतीशिवाय तिच्यापर्यंत पोचता येत नाही. थोडक्यात, नाव सांगणारी झाकली जाते आणि न सांगणारीचा शोध लागतो.

बारा वर्षांखालील मूल टाकून देणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ९३ खाली गुन्हा आहे, शिक्षा सात वर्षांपर्यंत. बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ मध्येही यासाठी शिक्षा आहे. मात्र परिस्थिती आईवडिलांच्या हाताबाहेर होती असे दिसले, तर बाळ जाणूनबुजून सोडले नव्हते असे मानून त्या कलमाची शिक्षा लागत नाही. तो बचाव पुढचा झाला. तो करायची वेळच का आणावी?

आता अवघड भाग. मुलगी अठराच्या आतली असेल तर पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धचा कायदा, लागतो. तिची राजीखुशी असली तरी लागतो. डॉक्टरला कळवावेच लागते, न कळवल्यास त्याच्यावरच गुन्हा. हे मुलींपासून लपवून जनजागृती करणे लबाडीचे आहे, कारण नंतर हॉस्पिटलात पोलीस दिसले की तिला फसवल्यासारखे वाटते. सोबत हेही सांगावे: जबाब तिच्या घरी किंवा ती सांगेल तिथे, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, साध्या कपड्यांत घ्यायचा असतो. तिला रात्री पोलीस स्टेशनात ठेवता येत नाही. तिचे नाव छापणे हा गुन्हा आहे. उपचार फुकट मिळतात. मुलगा अठराच्या आतला असेल तर त्याचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. शिवाय कायद्याच्या नजरेत ती स्वतःही मूल असल्याने तिच्या काळजीची जबाबदारीही समितीवर येते.

लवकर कळले असेल तर गर्भपाताचा मार्ग २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने खुला असतो. अल्पवयीन मुलींसाठी दोन डॉक्टरांच्या मताने २४ पर्यंत. आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात, संबंध आला त्या दिवसापासून नव्हे. अल्पवयीन असेल तर पालकाची लेखी संमती लागते. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की अशा वेळी मुलीने आणि पालकाने विनंती केली, तर डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिचे नाव देण्याची गरज नाही.

गावच्या आरोग्य केंद्रातली सिस्टर मुलीच्या आत्याची शेजारीण असते, हा गोव्याचा प्रश्न. उपाय साधा आहे, दुसऱ्या तालुक्यात जावे. पेडण्याची मुलगी बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या हॉस्पिटलात) जाऊ शकते, काणकोणची मडगावला. घरात ‘कोणाक सांगू नाका’ एवढेच धोरण असते, आणि त्यातूनच बाळंतपण न्हाणीघरात होते.

तसे झालेच तर पहिला फोन १०८. गोव्यात पत्ता सांगताना घर क्रमांकाने काही कळत नाही, म्हणून वाडा, जवळचे देऊळ किंवा कपेल (छोटे चर्च), आणि गाडी जिथपर्यंत येते ती जागा सांगावी. बाळ ओले असते आणि ओले बाळ पंख्याखाली भराभर थंड पडते, आपल्या दमट हवेतही. कोरड्या कापडाने पुसायचे, आईच्या उघड्या छातीवर ठेवायचे, वरून कोरडे कापड, डोके झाकलेले. आंघोळ घालायची नाही. नाळ ब्लेडने कापायची नाही, तशीच राहू द्या. हळद, राख, मध, गुटी काही नको. वार ओढून काढू नये. अर्ध्या तासात पडली नाही, किंवा पॅड तासाभराच्या आत चिंब होत असेल, तर आईचा जीव धोक्यात आहे, आणि ते १०८ ला पुन्हा फोन करून सांगावे.

बाळ कोणाला सापडले तर १०९८ किंवा ११२. १०९८ चोवीस तास चालतो आणि फुकट आहे. चोवीस तासांत कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. फोटो काढून गटावर टाकणारे तर नेहमीचेच. बाळाची ओळख उघड करणे हाही गुन्हा आहे. ‘आमच्या ओळखीत एक जोडपे आहे, मूल नाही, देऊन टाका’ म्हणणारी शेजारीण सगळ्यात धोक्याची, कारण ती भली असते. कायद्याबाहेर दिलेले दत्तक म्हणजे तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. मध्ये पैसे फिरले तर मुलाची विक्री, आणि त्यात हॉस्पिटलचा माणूस असेल तर त्याला तीन ते सात वर्षे.

शाळेत सांगायचे तर प्रार्थनेच्या वेळी माइकवरून नको. एक तास घ्या, मुलग्यांनाही बसवा, प्रश्न चिठ्ठीवर मागवा आणि चिठ्ठ्या सगळ्यांकडून घ्या, कोरी का असेना, म्हणजे कोणी लिहिली ते कळत नाही. ‘निर्दयी माता’सारखे मथळे फळ्यावर आणू नका. १०९८ चा कागद मुलींच्या स्वच्छतागृहात दाराच्या आतल्या बाजूला लावा, नोटीस बोर्डावर कोणी थांबून वाचणार नाही. मराठी, कोकणी, हिंदी आणि कन्नड या चारही भाषांत लावा. वास्कोच्या बायणा, झुआरीनगरकडच्या शाळांत शेवटची दोन आधी. लॅमिनेट करून लावा, जूनमध्ये न्हाणीघराच्या दारावर शाई उतरते. आणि दर सत्राला एकदा जाऊन आकडे अजून वाचता येतात का ते बघा.